एक जिना, दोन शिक्षा

१९ सप्टेंबर २००८. शुक्रवार होता आणि रमजान चालू होता. दिल्लीच्या जामियानगरात, बाटला हाउस भागातल्या एल-१८ या इमारतीचा जिना सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस चढून गेला. मोबाइल कंपनीचा विक्रेता असल्याची बतावणी तो करत होता. प्रत्यक्षात तो दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलचा फौजदार होता. चौथ्या मजल्यावरच्या १०८ नंबरच्या घरात माणसं आहेत, एवढं त्याला खाली कळवायचं होतं. त्याआधी सहा दिवस, १३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास इथे बॉम्ब फुटले होते आणि अख्खी दिल्ली हादरली होती.

खबर मिळाली तसे निरीक्षक मोहनचंद शर्मा सहकाऱ्यांना घेऊन वर गेले. अंगात बुलेटप्रूफ जाकीट नव्हतं. दाट वस्ती, अरुंद गल्ली, एकच जिना. जाकिटं चढवून गेलो तर गल्लीत पाऊल टाकताच बोभाटा होईल, असं त्यामागचं कारण पुढे सांगितलं गेलं. घराला दोन दारं होती. समोरचं उघडेना म्हणून बाजूचं ढकललं, ते नुसतं लोटलेलं होतं. पुढची काही मिनिटं गोळीबार झाला. आतिफ अमीन आणि मोहम्मद साजिद हे दोघे मारले गेले, एक जण हाती लागला, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोघे त्या दुसऱ्या दारानं निसटले. हवालदार बलवंत सिंग जखमी झाले. शर्मांना गोळ्या लागल्या होत्या. दोन सहकाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून ते गल्लीतून चालत बाहेर येत असल्याचं छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं, पण तोवर ते गेले होते.

त्या छायाचित्रावरूनही वाद झाला. ही चकमक खरी की बनावट, यावर दिल्लीत वर्षानुवर्षं तट पडले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं जुलै २००९ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरवलं. न्यायालयीन चौकशीची मागणी उच्च न्यायालयानं आणि सर्वोच्च न्यायालयानंही फेटाळली. तो वाद इथे उकरायचा नाही. मला त्या जिन्यापाशी वेगळ्याच कारणासाठी थांबायचं आहे. निसटलेल्या दोघांपैकी शहजाद अहमद २०१० मध्ये सापडला, आरिज खान २०१८ मध्ये. दोघांवर आरोप एकच होता, जागा तीच, मिनिटं तीच, मृत अधिकारी तोच. दोघांचे खटले दिल्लीच्या साकेत न्यायालयातच चालले. ३० जुलै २०१३ रोजी शहजादला जन्मठेप झाली. सरकारी वकिलांनी फाशी मागितली होती, ती न्यायाधीशांनी नाकारली. १५ मार्च २०२१ रोजी आरिजला फाशी सुनावली गेली.

पोलिसाला मारणाऱ्याला जास्त शिक्षा असावी का, हा प्रश्न आपल्याकडे दर चार-दोन वर्षांनी एखादा पोलीस मारला गेला की उफाळून येतो आणि आठवडाभरात विरतो. हाच प्रश्न याच दिल्लीत, संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात, पूर्वी फार गंभीरपणे लढला गेला आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं.

सुरुवात मात्र पोलिसापासून नव्हे, जेलरपासून करावी लागते.

१८६० च्या भारतीय दंड विधानात खुनाला कलम ३०२ होतं: फाशी किंवा जन्मठेप. मेलेला माणूस शिपाई आहे की शेतकरी, हे कलम विचारत नसे. त्याच्या शेजारचं ३०३ मात्र वेगळं होतं. जन्मठेप भोगत असलेल्यानं खून केला तर शिक्षा एकच, फाशी. त्यातला ‘किंवा’ काढून टाकलेला होता. कारण साधं होतं. काळ्या पाण्यावर किंवा तुरुंगात जन्म काढणाऱ्या कैद्याला आणखी कसली भीती घालणार? त्याच्या हातून पहारेकरी वाचायचा असेल तर फाशीचा दोर समोर टांगता ठेवायला हवा, असा तो हिशेब. दंड विधान १८६२ मध्ये अमलात आलं. दहा वर्षांनी, ८ फेब्रुवारी १८७२ ला, अंदमानात शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्यानं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं. ३०३ कलम तेव्हा होतंच. महिनाभरानं शेर अलीला फाशी झाली, पण धाकाचा उपयोग काय झाला, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

खाकी वर्दीसाठीही त्या जुन्या विधानात दोन बारीक जागा राखून ठेवलेल्या होत्या. वकिलांखेरीज त्या फारशा कुणाला माहीत नसतात. एखाद्यानं अचानक आणि गंभीर चिथावणी दिल्यामुळे भान सुटून त्याचा जीव घेतला, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. ही सवलत ३०० व्या कलमाच्या पहिल्या अपवादात आहे. पण चिथावणी म्हणजे लोकसेवकानं आपला अधिकार कायदेशीरपणे वापरणं असेल, तर सवलत मिळत नाही. पोलीस रीतसर पकडायला आला म्हणून माझं डोकं फिरलं, हे चालत नाही. तीच गोष्ट स्वसंरक्षणाची: लोकसेवक सद्भावनेनं काम करत असेल आणि जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका नसेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क ९९ वं कलम देत नाही. म्हणजे कायदा अगदीच समदृष्टी नव्हता. पोलिसाच्या मारेकऱ्याची शिक्षा त्यानं वाढवली नव्हती, पळवाटा तेवढ्या बुजवल्या होत्या. मला ही युक्ती त्या ३०३ पेक्षा शहाणपणाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षं खुनाला फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद होता. १९५५ मध्ये त्यात सैलपणा आला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं गाडं पुरतं उलटं फिरवलं. आता फाशी द्यायची तर न्यायाधीशाला ‘विशेष कारणं’ लिहून द्यावी लागणार होती. विशेष म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगायचा प्रयत्न राज्यसभेनं केला. विधी आयोगाच्या १९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालावरून दंड विधान दुरुस्तीचं विधेयक १९७२ मध्ये मांडलं गेलं होतं. संयुक्त समिती, आणीबाणी, सत्तांतर अशा वाटेनं रखडत ते नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. तीनच महिन्यांपूर्वी दिल्लीत गीता आणि संजय चोप्रा या भावंडांच्या खुनानं सारा देश ढवळून निघाला होता. त्यांची मारेकरी बिल्ला-रंगा ही जोडगोळी घराघरांत माहीत झाली होती. अशा हवेत मंजूर झालेलं विधेयक फाशी वाढवणारं असेल असं वाटतं. होतं उलटं. खुनाला साधारण शिक्षा जन्मठेप, आणि फाशीची मुभा फक्त मोजक्या प्रकारांत, अशी त्याची रचना होती. पूर्वनियोजित आणि अत्यंत क्रूर खून, कमालीची विकृती, आणि त्यापाठोपाठ तिसरा प्रकार होता सैन्य, पोलीस दल किंवा लोकसेवक यांच्यापैकी कुणाच्या खुनाचा. पोलीस हा शब्द फाशीच्या कलमात थेट लिहिला जाण्याची ती पहिली मोठी वेळ. पण विधेयक लोकसभेतून पार पडण्याआधीच, ऑगस्ट १९७९ मध्ये, लोकसभा बरखास्त झाली. विधेयक बारगळलं.

विधेयक मेलं तरी त्यातला मजकूर मेला नाही. त्याला जिवंत ठेवणाऱ्या वकिलाचं नाव मराठी कानाला अगदी घरचं वाटतं: डॉ. वाय. एस. चितळे.

बचन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा खटला मुळात पोलिसांशी संबंधित नव्हता. बायकोच्या खुनाची शिक्षा भोगून आलेल्या बचन सिंगनं नात्यातली तीन माणसं मारली होती. फाशीची शिक्षाच घटनाबाह्य आहे का, हा प्रश्न त्यानिमित्तानं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर आला. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड, पुण्याचे. निकाल ९ मे १९८० चा. चार विरुद्ध एक अशा बहुमतानं फाशी टिकली, पण ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती. आज प्रत्येक मराठी वृत्तवाहिनीच्या तोंडी असलेला हा वाक्प्रचार तिथून निघाला. न्यायमूर्ती भगवती विरोधात राहिले.

फाशी कधी द्यावी याची काही चौकट हवी, तर ती अशी असावी, म्हणून चितळे यांनी न्यायालयाला एक यादी सुचवली. एकीकडे गुन्ह्याची तीव्रता वाढवणाऱ्या बाबी, दुसरीकडे सौम्य करणाऱ्या. पहिल्या यादीसाठी त्यांनी दोन ठिकाणांहून माल उचलला, आणि निकालपत्रात ते स्पष्ट नोंदलं आहे: अमेरिकेतल्या राज्यांनी १९७२ नंतर केलेले नवे कायदे, आणि राज्यसभेनं मंजूर केलेलं पण लोकसभेत मंजूर न झालेलं ते १९७८ चं विधेयक. निकालाच्या परिच्छेद २०२ मध्ये ही यादी आहे. तिच्यातलं पोलिसाचं कलम बारकाईनं वाचण्यासारखं आहे. खून झालेला माणूस सैन्याचा, पोलीस दलाचा किंवा लोकसेवक असावा. आणि तो खून एकतर तो कर्तव्यावर असताना झालेला असावा, किंवा त्यानं आपलं कर्तव्य कायदेशीरपणे बजावताना जे केलं त्याचा वचपा म्हणून झालेला असावा. दुसऱ्या बाबतीत तो माणूस नोकरीत असो वा निवृत्त झालेला असो. एखाद्या निवृत्त ठाणेदाराला पंधरा वर्षांपूर्वीच्या अटकेचा सूड म्हणून कुणी गाठलं, तर तेही यात बसतं. पुढचं कलम त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे: पोलिसाला मदत करणारा, चोराला स्वतः धरून देणारा साधा नागरिकही त्यात आहे.

वर्दीपेक्षा तिच्यातल्या कामाला ही यादी जास्त वजन देते. ‘कायदेशीरपणे’ हा त्यातला कळीचा शब्द. ड्यूटीवर नसलेला, लाच उकळताना किंवा घरच्या भांडणात मारला गेलेला पोलीस या तीन ओळींत आपोआप शिरत नाही.

न्यायालयानं मग काय केलं? ढोबळमानानं ही यादी मान्य करायला हरकत नाही, असं म्हटलं. आणि लगेच, न्यायाधीशाच्या विवेकाला आम्ही कुंपण घालणार नाही, असंही म्हटलं. संसदेनं जे कायद्यात लिहायला घेतलं होतं, ते न्यायालयानं निकालपत्रात उतरवून ठेवलं, पण त्याचं बंधन कुणावर ठेवलं नाही. चितळे यांची ही यादी नंतर देशभरच्या सत्र न्यायालयांत वाचली गेली. एखाद्या वकिलाच्या युक्तिवादातल्या टिपणाला असं आयुष्य लाभणं विरळाच.

तीन वर्षांनी जेलरची पाळी आली. ७ एप्रिल १९८३ रोजी मिठ्ठू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात चंद्रचूड यांच्याच अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठानं कलम ३०३ रद्द केलं. पीठात न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकरही होते. चंद्रचूड यांनी लिहिलं ते असं की, हे कलम मुळात तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखायला केलं गेलं, पण विधिमंडळानं भाषा अशी वापरली की हेतूच्या कितीतरी पुढे ती गेली. शिवाय खून कसा घडला, का घडला, हे न पाहता फाशीच द्यायची म्हटल्यावर न्यायाधीशाचं काम काय उरलं? चिथावणी कुणी दिली, तुरुंगात कैद्याशी कोण कसं वागलं, हे ऐकायची सोयच तिथे नव्हती. एकशे वीस वर्षं राहिलेलं कलम एका दिवसात गेलं.

सातासमुद्रापार हाच वाद थोडा आधी मिटला होता, आणि त्यात नावांचा एक विलक्षण योगायोग आहे. ब्रिटननं १९५७ मध्ये खुनांची प्रतवारी लावली. पोलिसाचा आणि तुरुंग अधिकाऱ्याचा खून फाशीच्या यादीत राहिला. १९६५ मध्ये खुनासाठीची फाशीच थांबवली गेली आणि नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९६६ मध्ये, लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये तीन पोलिसांना गोळ्या घातल्या गेल्या. फाशी परत आणा अशी ओरड झाली, पण पार्लमेंट हललं नाही. प्रमुख आरोपी हॅरी रॉबर्ट्स तब्बल अठ्ठेचाळीस वर्षं तुरुंगात काढून २०१४ मध्ये सुटला. इकडे अमेरिकेत १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर लुइझियानाचा एक कायदा आला: कर्तव्यावरच्या पोलिसाला मारलं तर फाशीच. न्यायालयानं तो रद्द केला. पोलीस असणं ही गुन्हा गंभीर करणारी बाब जरूर धरा, पण बाकी काहीच ऐकणार नाही असं म्हणू नका, हा त्याचा आशय. त्या खटल्यातल्या आरोपीचं नावही हॅरी रॉबर्ट्सच. चितळे यांनी अमेरिकी कायदे चाळले ते या निकालानंतरच्या दोन-तीन वर्षांत. आपल्याकडे पोलिसाच्या खुनाला सक्तीची फाशी कुणी सुचवली नाही, याचा संबंध या तारखांशी असावा असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला या विषयात टाळता येत नाही. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकले, त्याबद्दल दिल्लीच्या न्यायालयानं जन्मठेप दिली होती. त्या बॉम्बनं कुणी मेलं नव्हतं. भगतसिंगांना फासावर नेलं ते लाहोरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनानं. खेडचं आता राजगुरूनगर झालं आहे. साँडर्सच्या खुनाच्या दिवशीच पाठलाग करणारा हवालदार चन्नन सिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीनं मारला गेला. तो हिंदुस्थानी होता, पगारासाठी नोकरी करत होता, आणि ड्यूटीवर होता. त्याचं नाव कुठल्या गावाला दिलेलं नाही. कर्तव्यावर मेलेल्या पोलिसाबद्दल मी जेव्हा काही ठाम बोलायला जातो, तेव्हा हा चन्नन सिंग आडवा येतो.

दिल्लीच्या चाणक्यपुरीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं. मध्ये तीस फूट उंचीचा काळ्या ग्रॅनाइटचा स्तंभ, आणि भिंतीवर स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर मरण आलेल्या ३४,८४४ पोलिसांची नावं कोरलेली. २१ ऑक्टोबरला लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे १९५९ मध्ये चिनी सैन्यानं दहा पोलीस मारले होते, म्हणून तो दिवस. भिंतीवरच्या नावांपुढे मरण कसं आलं ते लिहिलेलं नाही. न्यायालयात मात्र सगळा खल तेवढ्यावरच चालतो.

दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यातल्या चार घटना शेजारी ठेवून पाहा. मार्च २००८ मध्ये, बाटला हाउसच्या सहा महिने आधी, स्पेशल सेलचेच नामांकित अधिकारी, सहायक आयुक्त राजबीर सिंग यांना गुडगावमध्ये एका मालमत्ता दलालानं गोळ्या घातल्या. वाद पैशांचा. पोलीस अधिकारी तोही, पण चितळे यांच्या तीन ओळींत तो बसत नाही. ३ डिसेंबर २०१८ ला बुलंदशहरजवळ स्याना इथे गोवंशाचे अवशेष सापडल्यावरून जमाव उसळला. निरीक्षक सुबोधकुमार सिंग त्याला शांत करायला गेले आणि त्याच जमावाच्या हाती सापडले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं खुनासाठी पाच जणांना जन्मठेप आणि इतर तेहेतीस जणांना सात वर्षांची कैद दिली. फाशी एकालाही नाही. जुलै २०२२ मध्ये नूहच्या तावडू भागात बेकायदा खाणकाम रोखायला गेलेल्या उपअधीक्षक सुरेंद्र सिंग यांच्या अंगावर डंपर घातला गेला. त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते. आणि फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीत चांदबागेत हवालदार रतनलाल जमावाच्या हल्ल्यात गेले. आधी दगड लागून मृत्यू झाल्याचा समज होता, शवविच्छेदनात गोळी निघाली.

या चौघांपैकी तिघे कर्तव्यावर होते. पण गोळी झाडणारा एक, जमावात मागून ढकलणारे शंभर, पळून जायच्या घाईत डंपर न थांबवणारा एक, या सगळ्यांना ‘पोलिसाचा मारेकरी’ असं एकच लेबल लावून एकच शिक्षा छापून ठेवता येईल का? कायदा करणाऱ्यांना नेहमी गोळी झाडणारा एकटा डोळ्यासमोर दिसतो. न्यायालयाच्या दारात मात्र जमाव येऊन उभा राहतो.

आणि जिथे फाशी झाली, तिथेही ती वर्दीसाठी झाली नाही. १३ डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यात मेलेल्या नऊ जणांपैकी पाच दिल्ली पोलिसांचे होते आणि सहावी केंद्रीय राखीव पोलीस दलाची शिपाई कमलेश कुमारी. त्या हल्ल्यातल्या अफजल गुरूची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये भर दिला तो लोकशाहीच्या केंद्रावरच्या हल्ल्यावर आणि समाजाच्या सामूहिक सद्सद्विवेकावर. मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या बाबतीतही देशाविरुद्ध युद्धाचा आरोपच मुख्य होता, मग मेलेल्यांत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे का असेनात. हे चौघे आणि मोहनचंद शर्मा यांना २६ जानेवारी २००९ रोजी राजपथावर एकाच सकाळी अशोकचक्र देण्यात आलं आणि राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी ते त्यांच्या घरच्यांच्या हाती दिलं. गिरगाव चौपाटीवर रायफलीची नळी घट्ट धरून ठेवणारे ओंबळे सहायक फौजदार होते. त्यांच्या हातात फक्त काठी होती. सन्मान सारखा मिळाला, त्यांच्या मारेकऱ्यांच्या शिक्षांचं गणित मात्र वेगवेगळं निघालं.

आपल्या महाराष्ट्रात कडक कायद्याचा एक वेगळाच अनुभव आहे. सरकारी कचेरीत आवाज चढवला की ‘तीनशे त्रेपन्न लावू का?’ हे वाक्य ऐकू येई. लोकसेवकावर हल्ला करण्याबद्दलच्या या कलमाची शिक्षा राज्यानं २०१८ मध्ये दोन वर्षांवरून पाचवर नेली. त्याआधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या मुलाला अडवलं म्हणून वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात मारलं गेलं होतं आणि आठवड्याभरात ते गेले; तेव्हाची चीड अनेकांना आठवत असेल. पुढे या वाढीव कलमाचा गैरवापर होतो, अशी तक्रार विधिमंडळात खुद्द आमदारच करू लागले.

आता पुन्हा साकेतला येऊ. २०२१ मध्ये आरिज खानला फाशी देताना न्यायाधीशांनी म्हटलं की कसलीही चिथावणी नसताना पोलिसांच्या तुकडीवर गोळीबार करणारा माणूस समाजाला धोका आहेच, तो राज्याचाही शत्रू आहे. अकरा लाखांचा दंड ठोठावला, त्यातले दहा लाख शर्मा यांच्या पत्नीला द्यायचे. शहजादच्या न्यायाधीशांनी आठ वर्षांपूर्वी त्याच गोळीबाराकडे पाहून तो दुर्मिळातील दुर्मिळ नाही असं म्हटलं होतं. दोघांसमोर परिच्छेद २०२ होता. एकाला त्यातला ‘कर्तव्यावर’ हा शब्द पुरेसा वाटला, एकाला नाही. चौकट सैल ठेवली की असं होणार, हे १९८० मध्येच ठरलं होतं, असं म्हणता येईल. मला तरी यात काही भयंकर दिसत नाही. भयंकर काही असेल तर ते हे की एका माणसाचं जगणं तो कुठल्या वर्षी पकडला गेला यावर लटकलं.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. शहजादचा जानेवारी २०२३ मध्ये शिक्षा भोगत असतानाच आजारपणात मृत्यू झाला. १२ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायमूर्ती सिद्धार्थ मृदुल आणि न्यायमूर्ती अमित शर्मा यांच्या खंडपीठानं आरिजचा दोष कायम ठेवला आणि फाशीऐवजी जन्मठेप दिली. पंधरा वर्षांनी त्या जिन्यावरच्या दोन शिक्षा सारख्या झाल्या, पण तोवर त्यांपैकी एक भोगणारा उरला नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेनं दंड विधान मोडीत काढून भारतीय न्याय संहिता मंजूर केली. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. पाटी कोरी होती. खुनाच्या १०३ व्या कलमात जात, समुदाय, भाषा यांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाचं नवं पोटकलम आलं. चाळीस वर्षांपूर्वी चंद्रचूड यांनी रद्द केलेलं जेलरचं कलमही १०४ म्हणून परत आलं, फक्त या वेळी ‘किंवा’ घालून: फाशी किंवा मरेपर्यंत कैद. पोलिसाचा मात्र या कलमांत वेगळा उल्लेख नाही. १९७८ मध्ये राज्यसभेनं लिहिलेल्या आणि चितळे यांनी न्यायालयात नेलेल्या त्या तीन ओळी आजही निकालपत्राच्या परिच्छेद २०२ मध्येच आहेत, आणि पोलीस मारला गेला की सरकारी वकील त्या तिथूनच वाचून दाखवतात.